माजी सैनिक मॅनेजर म्हणून आले की कारखान्याची छावणी होते का?

हेमिंगवाली_ताई | सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात हेमिंग (म्हणजे टॉवेलच्या कडा शिवणं) आणि चेकिंग बघते. चौदा वर्षं झाली. हाताखाली ३८ बायका. निम्म्या तेलुगू बोलणाऱ्या, विडी घरकुल, नीलमनगर, अशोक चौकाकडच्या. बाकी कन्नड आणि मराठी. आमचं बरं चाललं होतं, म्हणजे जसं सगळीकडे चालतं तसं.

दीड महिन्यापूर्वी शेठनी नवे मॅनेजर आणले. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. पण पहिल्याच दिवशी त्यांनी 'नॉमिनल रोल' मागितला. नाव, राहायचं ठिकाण, नवऱ्याचं नाव, मुलं किती, रक्तगट, अडीअडचणीला फोन कोणाला करायचा. बायकांना वाटलं गटाच्या कर्जाचे वसुलीवाले आले. दोघींनी नवऱ्याचा नंबर चुकीचा दिला.

मग फॉल-इन. पाळी आठची, पण ७:५० ला गेटजवळच्या लिंबाखाली रांगेत उभं राहायचं, हजेरी द्यायची. उशीर झाला की वेगळ्या रजिस्टरवर सही, तीन सह्या झाल्या की दंड. मशीनवर चहा बंद. दहा वाजून दहा मिनिटांनी घंटा, सात मिनिटांत चहा उरकायचा. आणि मी काही सांगायला गेले की, "मॅडम, कारण नको, रिपोर्ट द्या."

आमच्याकडे हेमिंग डझनावर आहे हो. जी उशिरा येते ती स्वतःचेच पैसे घालवते. तिला वर दंड कसला? गेल्या आठवड्यात तीन चांगल्या बायका पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्यात गेल्या. शेठ मात्र खूश. येईल त्याला सांगतात, "आता मिलिटरी आलीय आमच्याकडं."

तर प्रश्न असा. सगळे माजी सैनिक साहेब असेच असतात, की माझ्याच डोक्यात सिनेमातला फौजी बसलाय? तुमचे अनुभव सांगा. टॉवेलचे भाव कृपया विचारू नका.

---

बाळीवेशीचा_बाळ्या | सोमवार, रात्री ९:५१

ताई, त्या लिंबाच्या बुंध्याला गेरू-चुना लावला का? नसेल तर अजून काहीच सुरू झालं नाही बघा.

आमचा मामा सुट्टीवर आला की पहिल्या दिवशी झोपायचा, दुसऱ्या दिवशी चुन्याची पिशवी आणायचा. अंगणातले दगड, तुळशीचा कट्टा, एकदा तर शेजाऱ्याच्या म्हशीचा खुंटा. आजी म्हणायची, "पोरा, तू तिथं लढतोस का रंगवतोस?"

---

हेमिंगवाली_ताई | सोमवार, रात्री ९:५८

लावला. दुसऱ्याच रविवारी. खाली गेरू, वर चुन्याचा पट्टा, सुतात. :)

---

भीमाकाठ | सोमवार, रात्री १०:२०

माझे वडील हवालदार होते, त्यामुळे मी एका बाजूचा आहे हे मान्य करूनच लिहितो.

आमच्या घरात पाच मिनिटं आधी म्हणजे वेळेवर आणि वेळेवर म्हणजे उशिरा. लग्नाच्या मुहूर्ताला आम्ही पोचायचो तेव्हा मांडवात फक्त आचारी असायचे. त्याचा लहानपणी वैताग आला, पण आज मी ज्या कंपनीत आहे तिथे अकराची मीटिंग साडेअकराला सुरू होते आणि कोणालाच काही वाटत नाही. असा एखादा सुभेदार आम्हाला द्या. तुम्हाला तो नको असेल तर टपालाने पाठवा.

दहा मिनिटं आधी उभं राहायला सांगितलं म्हणून छावणी झाली, हे जरा जास्त होतंय असं माझं मत.

---

उत्तरा_पू | सोमवार, रात्री ११:०५

भीमाकाठ, वडील म्हणून शिस्त वेगळी आणि साहेब म्हणून वेगळी.

मी एका खासगी शाळेत शिकवत होते (नाव सांगत नाही, सोलापूरचीही नाही). तिथे प्रशासक म्हणून एक निवृत्त अधिकारी आले. पहिल्या महिन्यात आम्ही सगळ्या भारावलो होतो, स्वच्छतागृहं चकाचक झाली, बस वेळेवर यायला लागल्या. दुसऱ्या महिन्यात त्यांनी गणिताच्या एका बाईंना, वय वर्षं ५३, मैदानावर प्रार्थनेच्या वेळी सगळ्या मुलांसमोर विचारलं, "तुमची वही तपासणी का राहिली? मोठ्याने सांगा." बाईंना उत्तर देता येईना. मुलं हसली. मग मुलांना शिक्षा.

त्या बाईंनी राजीनामा दिला नाही, त्या दोन वर्षं तिथेच राहिल्या आणि एक शब्द जास्त बोलल्या नाहीत. मी सोडलं. तेव्हापासून कोणी 'मिलिटरी डिसिप्लिन' म्हणालं की मला त्या बाईंची मान आठवते.

---

जुनी_मिल | मंगळवार, सकाळी ६:१५

पहाटे उठायची सवय मिलच्या भोंग्याने लावली, सुभेदाराने नव्हे.

या गावाला शिस्त शिकवायला बाहेरून कोणी यायची गरज नाही. भोंगा व्हायचा तेव्हा गिरणगावातल्या चुली त्याच्यावर पेटायच्या. आतली शिस्त जॉबरची. भरती तोच करायचा, काढायचाही तोच, आणि मधल्या काळात दस्तुरी खायचा. त्याच्या तुलनेत तुमचा सुभेदार देवमाणूस आहे, कारण तो निदान खात नाही.

पण मुद्दा वेगळा आहे. कामगार म्हणजे जवान नव्हे. जवानाला घर, रेशन, दवाखाना, पेन्शन सरकार देतं, त्या बदल्यात तो हुकूम ऐकतो. डझनावर हेमिंग करणाऱ्या बाईला तुम्ही काय देता? दोर एकाच बाजूने ओढायचा असेल तर तो फास होतो.

आणि लष्करी राज्य म्हणाल तर सोलापूरने तेही पाहिलंय. १९३० च्या मे-जूनमध्ये इथे मार्शल लॉ होता. डोक्यावर गांधी टोपी घातली तरी शिक्षा. मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. हे गाव हुकूम ऐकणाऱ्यांचं नाही, पोरी.

आणि तो दंड. वेतनाच्या कायद्यात मजुरीच्या ३ टक्क्यांच्या वर दंड करता येत नाही, आणि करण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं. हे शेठला सांगा. सुभेदाराला सांगितलंत तर तो लगेच पाळेल, कारण त्याला लिहिलेला नियम लागतो.

---

बाळीवेशीचा_बाळ्या | मंगळवार, सकाळी ८:३०

काका, साहेबांनी टोपीवर बंदी घातली नाही अजून.

---

हेमिंगवाली_ताई | मंगळवार, दुपारी १:१०

उलट टोपी सक्तीची केलीय, केस मशीनमध्ये अडकू नयेत म्हणून. आणि खरं सांगू का, ती मीच चौदा वर्षं मागत होते.

३ टक्क्यांचं माहीत नव्हतं काका. लिहून ठेवलं.

---

सातरस्ता | मंगळवार, दुपारी २:००

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. म्हणजे शेंगा घेऊन.

---

दहा_अधिक_चार | मंगळवार, रात्री १०:४५

मूळचा होटगी रोडचा. शॉर्ट सर्व्हिसमधून, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीवर, सैन्यात अधिकारी होतो. १० वर्षं आणि वाढवून मिळालेली ४, अशी १४ करून बाहेर पडलो. पेन्शन नाही. मग निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आयआयएममध्ये असतो तो सहा महिन्यांचा कोर्स केला आणि आता पुण्यात गोदामं सांभाळतो. दोन्ही बाजूंनी मार खाल्लाय म्हणून जरा लांब लिहितो.

पहिली गोष्ट, 'फौजी मॅनेजर' नावाची एकच जात नसते. उत्तराताईंचा अनुभव अधिकाऱ्याचा आहे, हेमिंगवाल्या ताईंचा सुभेदाराचा. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. सुभेदार शिपाई म्हणून भरती झालेला असतो आणि पंचवीसेक वर्षांत एकेक पायरी चढून तिथे पोचतो. आमच्यासारखे अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातात. पलटणीचं घर चालवतो तो सुभेदार. कोणाच्या बायकोचं बाळंतपण कधी आहे, कोणाच्या बांधाची केस चाललीय, कोण रात्री गुपचूप पितो, सगळं त्याच्या डोक्यात. नॉमिनल रोल त्यासाठी असतो. मी नवखा लेफ्टनंट असताना एका जवानाची रजा नाकारली. सुभेदार साहेबांनी सगळ्यांसमोर "जी साब" म्हटलं. संध्याकाळी मेसच्या मागे बाजूला घेऊन म्हणाले, "साब, उसकी माँ का ऑपरेशन है. सुबह आप खुद बुलाके छुट्टी दे दो, आपका नाम हो जाएगा." मी दिली. ते कोणाला कधी कळलं नाही.

दुसरी गोष्ट, आदेश म्हणजे ओरडणं हा सिनेमाचा प्रताप. खऱ्या आदेशाला क्रम असतो. परिस्थिती काय आहे, आपला हेतू काय, कोणी काय करायचं, रसद कुठून, संपर्क कसा. जमिनीवर वाळूत टेकड्या-नाले करून दाखवतात, त्याला सँड मॉडेल म्हणतात. आणि सगळ्यात शेवटी विचारतात, "कोई शक?" म्हणजे शंका विचारायची जागा आदेशातच ठेवलेली असते. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर दहातल्या नऊ वेळा कोणी हात वर करत नाही. पण जागा असते.

आम्ही कच्चे कुठे पडतो ते पण सांगतो. पैशात, आणि माणसं सोडून जाण्यात. फौजेत कोणी शनिवारी पगार घेऊन सोमवारी शेजारच्या पलटणीत हजर होत नाही. गोदामातल्या माझ्या पहिल्या दिवाळीला रात्रपाळीची आठ पोरं एकदम गेली. मी कारणे दाखवा नोटिसा टाइप करत बसलो. छापून झाल्यावर लक्षात आलं, घ्यायला कोणी नाहीच. तुमच्या तीन बायका गेल्या तेव्हा तुमच्या साहेबांना नक्की काय झालं हे कळलंच नसेल, पैज लावतो.

तिसरी गोष्ट जुनी_मिल काका म्हणाले तीच, मी फौजेच्या बाजूने म्हणतो. शिस्त आणि माणसाची काळजी ही तिथे जोडीने येते. जेवताना आधी जवान, मग आपण. डेहराडूनच्या अकादमीचं ब्रीदच आहे, आधी देश, मग तुमच्या हाताखालची माणसं, सगळ्यात शेवटी तुम्ही. बाहेरच्या मालकांना या जोडीतला पहिलाच अर्धा हवा असतो. मला मुलाखतीत विचारलं होतं, "लोकांना सरळ कराल ना?" कामाचं काय ते नंतर विचारलं. मग माणूस पण तसाच वागायला लागतो, कारण पगार त्याचाच आहे असं त्याला वाटतं.

ताई, एक करून बघा. तक्रार करू नका, कारण सांगू नका. "साहेब, माझा एक पॉईंट आहे" एवढंच म्हणा. पलटणीत सैनिक संमेलन असतं. तिथे जवान उभा राहून थेट सीओ साहेबांसमोर, म्हणजे पलटणीच्या प्रमुखासमोर, पॉईंट मांडतो. तो लिहून घ्यावा लागतो आणि पुढच्या संमेलनात त्याचं काय झालं ते सांगावं लागतं. 'पॉईंट' शब्द ऐकला की त्यांचा हात खिशातल्या डायरीकडे जातो की नाही बघा.

---

उत्तरा_पू | मंगळवार, रात्री ११:३०

चांगलं लिहिलंय. तरी 'तो अधिकारी, हा सुभेदार' हा फरक खालच्या माणसाला काय उपयोगाचा? अपमान करणाऱ्याचा हुद्दा कोण विचारतं.

---

दहा_अधिक_चार | मंगळवार, रात्री ११:४१

मान्य. त्या बाईंच्या बाबतीत सांगायचं तर ज्युनिअरसमोर सीनिअरला झाडणं फौजेतही वाईटच समजतात. ते गृहस्थ तिथेही असेच असणार, गणवेश फक्त निमित्त.

---

भीमाकाठ | बुधवार, सकाळी ९:१२

+१. आणि फौजी म्हणजे साचेबंद, नवीन काही सुचत नाही म्हणणाऱ्यांनी कॅप्टन गोपीनाथ आठवावेत. १९७१ चं युद्ध पाहिलेला माणूस, सैन्य सोडून हासन जिल्ह्यात रेशीम शेती केली आणि २००३ मध्ये एअर डेक्कन काढून स्वस्त विमान प्रवास आणला. साच्यात बसणारा माणूस ते करत नाही.

---

सातरस्ता | बुधवार, सकाळी ९:२०

एका गोपीनाथांवरून सगळे उडत नाहीत हो. (गंमत म्हणून घ्या.)

---

माहेर_मोहोळ | बुधवार, दुपारी ३:५०

इथे नेहमी वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

सगळे मॅनेजर झालेल्यांबद्दल बोलताय. आमच्या ह्यांना मॅनेजर होऊच दिलं नाही कोणी, त्याबद्दल सांगते. ह्यांनी आर्मी मेडिकल कोअरमध्ये १७ वर्षं नर्सिंग असिस्टंट म्हणून काढली. ३६ व्या वर्षी घरी आले. लोकांना वाटतं निवृत्त म्हणजे साठीचा म्हातारा. शिपाई माणूस पस्तिशी-चाळिशीत परत येतो, तेव्हा मुलं चौथी-पाचवीत असतात.

ह्यांनी सतरा वर्षांत बंदूक किती वेळा उचलली ते मला माहीत नाही, पण सलाइन किती लावली त्याला गणती नाही. रुग्णाची कूस बदलून पाठीला पावडर लावायची, ती इतक्या हलक्या हाताने की झोपलेला जागा होत नाही. माझ्या सासूबाई शेवटचे आठ महिने अंथरुणावर होत्या, एक जखम झाली नाही. घरात आवाज म्हणाल तर माझाच.

इथल्या एका मोठ्या दवाखान्यात मुलाखतीला गेले, वॉर्डच्या देखरेखीची जागा होती. साहेब म्हणाले, "तुम्ही आर्मीवाले तापट असता. पेशंटच्या नातेवाइकांशी तुमचं कसं जमणार?" हे म्हणाले, "सर, मी तापट नाही." तर ते हसून म्हणाले, "बघा, लगेच उत्तर दिलंत." आणि पुढे काय, तर "उंची चांगली आहे, सिक्युरिटीत जागा आहे." घरी आल्यावर ह्यांनी बूट काढले आणि पॉलिश करत बसले. पॉलिश आधीच केलेलं होतं.

पुढे एका डॉक्टरांच्या ओळखीने डायलिसिसच्या ठिकाणी लागले. पहिला आठवडा गंमतच. हे आत आले की सगळी पोरं-पोरी उठून उभी राहायची, मिलिटरीचे सर म्हणून. ती उभी म्हणून हे उभे. हे बसेनात म्हणून ती बसेनात. शेवटी एका पेशंटनेच सांगितलं, "बसा की सगळे, माझं चार तास चालणार आहे."

आणि एक. ह्यांच्याशी गोड बोलणाऱ्यांपैकी निम्मे आर्मी कॅन्टीनच्या दारूच्या बाटलीसाठी येतात. हे स्वतः घेत नाहीत, त्यामुळे निम्म्यांचा गोडवा महिन्यात संपला.

---

बाळीवेशीचा_बाळ्या | बुधवार, दुपारी ४:०२

वहिनी, पॉलिशचं वाचून काय लिहावं कळंना बघा. तुम्ही लिहीत जावा की.

---

जुनी_मिल | बुधवार, संध्याकाळी ६:३०

मोहोळच्या ताई, हा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा. मी माझ्या बोलण्यात हा माणूस धरलाच नव्हता.

---

कॅश_नंबर_तीन | गुरुवार, रात्री ८:१५

मी बँकेत. क्लार्कच्या जागांत माजी सैनिकांना १४.५ टक्के राखीव असतात, त्यामुळे प्रत्येक शाखेत एखाद-दुसरे असतातच. आमच्याकडे पूर्वग्रह नेमका उलटा आहे. 'कडक' कोणी म्हणत नाही, 'पेन्शन चालू आहे, कशाला मरमर करतील' असं म्हणतात.

माझ्या शेजारच्या खिडकीवर एक माजी हवालदार होते. कॉम्प्युटर चाळिशीत शिकले, एका बोटाने टाइप करायचे, रांग वाढायची, लोक चिडायचे. पण चार वर्षांत त्यांची कॅश एकदाही कमी-जास्त आली नाही. माझी आलीय, त्यामुळे मी गप्प. त्यांचं एकच वाईट. खिडकी बंद व्हायच्या वेळेनंतर एक मिनिट झालं तरी ते पैसे घ्यायचे नाहीत. एकदा दक्षिण सोलापुरातून एक म्हातारा शेतकरी एसटी चुकल्यामुळे धापा टाकत आला, ऊन ४३-४४ चं. हे म्हणाले, "उद्या." मी माझ्या खिडकीवर घेतले. त्यांना ते आवडलं नाही. ते मला म्हणाले, "आज एकाला सूट दिली, उद्या दहा जण एसटी चुकवतील." दुसऱ्या दिवशी मात्र जेवणाच्या डब्यातली शेंगापोळी न बोलता माझ्या टेबलावर ठेवली. माफी होती की सांत्वन, अजून कळलेलं नाही.

---

सातरस्ता | गुरुवार, रात्री ८:४०

अवांतर, पण महत्त्वाचं. आता अग्निवीर येतील की. २०२२ च्या जूनमध्ये योजना जाहीर झाली, ४ वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के ठेवायचे, बाकी घरी. म्हणजे बावीस-पंचवीस वर्षांची पोरं. त्यांना मॅनेजर कोण करणार? सगळ्यांच्या हातात शिट्टी आणि गेटचं रजिस्टर.

---

दहा_अधिक_चार | गुरुवार, रात्री ९:०५

त्यावर वेगळा धागा काढा, नाहीतर इथे निवडणूक सुरू होईल. एवढंच म्हणतो की चार वर्षांत माणूस आदेश पाळायला शिकतो, माणसं सांभाळायला शिकायला सुभेदाराला वीस लागतात. गेटवर उभं करण्याआधी मालकांनी निदान विचारावं, बाबा रे, तू तिथे काय काम करत होतास? वायरमन, चालक, स्टोअरकीपर, स्वयंपाकी, काय वाट्टेल ते असू शकतं.

---

नवी_पेठ | गुरुवार, रात्री ९:३०

टॉवेल कारखान्यातून किरकोळ मिळतात का? लग्नात आहेराला शंभरेक हवे होते.

---

बाळीवेशीचा_बाळ्या | गुरुवार, रात्री ९:३१

आला बघा. ताईंनी पहिल्याच पोस्टीत सांगितलं होतं बे.

---

हेमिंगवाली_ताई | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:१५

मंडळी, उशीर झाला, माफ करा. रजिस्टरवर सही करते.

दहा_अधिक_चार यांचं ऐकलं. एका सकाळी फॉल-इन झाल्यावर म्हटलं, "साहेब, माझा एक पॉईंट आहे." खरंच सांगते, हात खिशाकडे गेला. छोटी डायरी, तिला सुतळीने बांधलेली पेन्सिल. "बोला."

मी म्हटलं, उशिरा येणाऱ्या बायका आळशी नाहीत. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. ज्या दिवशी ज्या भागात पाणी येतं त्या दिवशी घरातली बाई हलू शकत नाही. बॅरल भरायचे, हंडे भरायचे, धुणं उरकायचं, कधी पहाटे येतं कधी आठला. नवरा यंत्रमागावर रात्रपाळी करून झोपलेला. ती साडेआठला आली तर मशीनवर बसेपर्यंत चार कामं करून आलेली असते.

साहेब पलीकडच्या तालुक्यातले, गावात त्यांची स्वतःची विहीर, इथे कंपनीच्या खोलीत बोअर. त्यांना हे माहीतच नव्हतं. डायरीत लिहिलं, खाली रेघ मारली आणि म्हणाले, "हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "तुम्ही कारण नको म्हणालात." ते काही बोलले नाहीत. पेन्सिल परत सुतळीत अडकवली.

दुसऱ्या दिवशी नॉमिनल रोल घेऊन रांगेतून फिरले. प्रत्येकीला विचारायचं, मागचं पाणी कधी आलं. त्यांचं सुरुवातीचं ट्रेनिंग सिकंदराबादला झालं होतं, त्यामुळे तोडकं तेलुगू येतं. "नीळ्ळु एप्पुडु, अम्मा?" ऐकून आधी बायका एकमेकींकडे बघत राहिल्या, मग जी सुरू झाल्या ती रांगच मोडली. त्या दिवशी मशीन सव्वाआठला लागल्या आणि साहेबांनी स्वतःच उशिराच्या रजिस्टरवर सही केली.

त्या शनिवारी चेकिंगच्या हॉलमध्ये फरशीवर मार्किंगच्या खडूने गाव काढलं. इकडे अशोक चौक, तिकडे नीलमनगर, शेळगी, खाली विडी घरकुल. ज्या भागात पाणी यायचं तिथे निळ्या दोऱ्याचा कोन (मोठी रीळ) उभा करायचा, बाकी ठिकाणी पांढरा. ज्यांचा निळा कोन त्यांची त्या दिवशी पाळी साडेनऊ ते साडेसहा, दंड नाही, उशिराची सही नाही. दहा_अधिक_चार, तुमचं ते सँड मॉडेल हेच का? शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "कोई शक?"

मागून एका अक्कानी हात वर केला. "साब, चहा?"

एवढा मोठा हॉल हसला की यंत्रमागाकडची माणसं बघायला आली. साहेब पण हसले, मिशीतल्या मिशीत. "चाय पर विचार होगा." विचार अजून चालू आहे. घंटा सात मिनिटांवरून दहावर आलीय.

गेलेल्या तिघींपैकी एक परत आली. दोघींना तिकडे डझनामागे दोन रुपये जास्त आहेत, त्या कशाला येतील.

इथपर्यंत लिहून थांबणार होते, पण परवाचंही सांगते. शेठ हॉलमध्ये आले, फरशीवरचे कोन बघितले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हाला कडक म्हणून आणलंय. पाण्याच्या पाळ्या लावायला मला माणूस नको होता." साहेब सावधानमध्ये उभे. "जी सर." एवढंच. शेठ गेल्यावर त्यांनी खाली बसून स्वतः एकेक कोन उचलला. तक्ता मात्र ऑफिसच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि पाळी तशीच चालू ठेवली. शेठना अजून कळलेलं नाही, कारण ते दार नेहमी उघडं असतं.

संध्याकाळी गेटवर मला विचारलं, "मॅडम, सिव्हिलमध्ये सीओ साहेबांच्याच विरुद्ध पॉईंट असेल तर तो कुठं मांडायचा?" मला उत्तर देता आलं नाही.

---

बाळीवेशीचा_बाळ्या | रविवार, दुपारी ४:३०

इथं. धागा काढायचा.

---

जुनी_मिल | रविवार, संध्याकाळी ५:१०

त्याला युनियन म्हणतात. त्यांना माझ्याकडे पाठवा, चहा मी पाजतो. दहा मिनिटांची घंटा नाही माझ्याकडे.

---

दहा_अधिक_चार | रविवार, संध्याकाळी ५:४०

काका, फौजेत त्याला बंदी आहे. अख्ख्या नोकरीत तो शब्द त्यांनी तोंडातून काढला नसणार. जरा हळूहळू.

---

माहेर_मोहोळ | रविवार, संध्याकाळी ६:०५

हे वाचून म्हणाले, सुभेदार साहेबांना जय हिंद सांगा. आणि कोन उचलायला मदत कोणी केली का ते विचारा.

---

हेमिंगवाली_ताई | रविवार, संध्याकाळी ६:२०

केली ताई. अक्कांनी. "लेवंडी साब" म्हणून हात धरून उठवलं त्यांना, गुडघा दुखतो त्यांचा.

नवी_पेठ, टॉवेल किरकोळ मिळतात, दुपारी दोन ते पाच. गेटवर रजिस्टर आहे. नाव, पत्ता आणि रक्तगट लिहावा लागेल.